नाव ‘ई’चं, हाडं ‘सी’ची

श्रीधर आणि त्याची भाची रेवती यांचं एका विषयावर कधीच जमणार नाही, आणि तो विषय राजकारण नाही. श्रीधरची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका वाहन कारखान्याच्या बॉडी शॉपमध्ये गेली. पत्र्याचे भाग जिगमध्ये पकडायचे, वेल्डिंगनंतर अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला तर तो कुठून आला ते शोधायचं, हे त्याचं काम. रेवती मुंबईत एका जाहिरात कंपनीत नव्या मालाला नावं देते. दोघांनाही जर्मन कूपे गाड्यांचं वेड आहे. दोन दारं, मागे घसरत गेलेलं छत, आणि मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसायची सोय; एवढ्यासाठी माणसं चार दारांच्या ऐसपैस गाडीपेक्षा जास्त पैसे का मोजतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. वेड एकच असलं तरी गाडीकडे बघायच्या दोघांच्या जागा वेगळ्या. तो खालून बघतो, ती समोरून. मी दोघांच्या मध्ये बसलेलो असतो आणि राहवलं नाही की तोंड घालतो.

श्रीधर: सरळ प्रश्न विचारतो. २००९ साली मर्सिडीजनं ई-क्लास कूपे काढली. कारखान्यातला तिचा क्रमांक सी २०७. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, किती? २७६० मिलिमीटर. त्या वेळच्या सी-क्लासचा, म्हणजे डब्ल्यू २०४ चा? २७६०. आणि खऱ्या ई-क्लासचा, डब्ल्यू २१२ चा? २८७४. ही कूपे बनायची ब्रेमेनला, सी-क्लासच्या शेजारी. ई-क्लास सेडान झिंडेलफिंगेनला. मग हिच्या पाठीवर ‘ई’ कुठल्या हिशेबानं आलं?

रेवती: गिऱ्हाइकाच्या हिशेबानं. मामा, शोरूममध्ये टेप घेऊन कोण जातं रे? माणूस काय बघतो? समोरचे दिवे ई-क्लाससारखे, आतली सजावट त्या तोडीची, आणि मुख्य म्हणजे दाराच्या मागे खांब नाही. बी-पिलरच नाही. काचा खाली केल्या की पुढून मागेपर्यंत मोकळं. सी-क्लासची कूपे नंतर २०११ मध्ये आली, तिला खांब आहे आणि मागची काच बंद. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर मला न सांगताही कळेल, वरची कुठली ते.

श्रीधर: त्या दोन्हींचा व्हीलबेस सांग.

रेवती: २७६०. माहितीय मला.

श्रीधर: म्हणजे एकाच वेळी, एकाच हाडांवर, दोन कूपे. एक सी म्हणून विकायची, दुसरी ई म्हणून. पैठणी घेताना हातमागाची की पॉवरलूमची, हे विचारतेस ना दुकानात? मग इथे का नाही विचारायचं?

रेवती: विचारते, आणि पदर उलटा करून बघतेही. हातमागाची उलट्या बाजूनंही तशीच दिसते, म्हणून किंमत जास्त. तू मला एवढंच दाखव की सी २०७ उलटी केल्यावर काय वाईट निघालं. हवा कापण्याचा तिचा गुणांक ०.२४ होता, त्या वर्षी विक्रीला असलेल्या गाड्यांमध्ये सर्वांत कमी, असं कंपनी सांगत होती. चालवणाऱ्याला त्या ११४ मिलिमीटरचा काय तोटा झाला?

श्रीधर: तोटा झाला असं मी म्हणतच नाहीये. गाडी चांगली होती. नाव खोटं होतं.

इथे थोडं थांबून ही हाडं, म्हणजे प्लॅटफॉर्म, नेमकी काय, ते सांगायला हवं, कारण हा शब्द हल्ली कशालाही लावतात. गाडीचा तळ, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा, अपघातात धक्का सोसणारे पुढचे-मागचे दांडे, स्टिअरिंग, वायरिंगची मांडणी: वरचा पत्रा काढून टाकला की जे उरतं ते बहुतेक सगळं. यातला प्रत्येक भाग नव्यानं काढायचा म्हणजे नवे साचे, नवे जिग, अपघाताच्या नव्या चाचण्या. सेडान लाखांनी खपते, तिच्यावर हा खर्च पसरतो. कूपे त्या मानानं फार थोडी खपते. म्हणून कूपे ही जवळजवळ नेहमीच कुणाच्या तरी हाडांवर उभी असते. प्रश्न एवढाच, की कुणाच्या, आणि ते नावात सांगायचं की नाही.

श्रीधर: पूर्वी सांगायचे. १९७७ ची सी १२३ घे, १९८७ ची सी १२४ घे. १२४ सेडानचा व्हीलबेस २८००, कूपेचा २७१५. तीच गाडी मधून ८५ मिलिमीटर आखूड केलेली. १२३ मध्येही तेच, २७९५ ची २७१० केली. मोठी एसईसी, १९८१ ची, एस-क्लासमधून काढली, तिथेही ८५ च कापले. कूपे आईपेक्षा आखूड असायची, पण आई कोण, याबद्दल शंका नसायची. तळ कापून आखूड करणं हे फुकटचं काम नाही हं. त्यासाठी वेगळा साचा लागतो, वेगळी तपासणी लागते. ते करायचे.

(१९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात, डब्ल्यू १२४ सेडान जुळायला लागली. ती रस्त्यावर दिसली की श्रीधर चालता चालता थांबायचा. दार लागल्याचा आवाज ऐकायला तो अनोळखी माणसाच्या गाडीपाशी रेंगाळलेलाही मी पाहिला आहे.)

रेवती: आणि त्या १२४ कूपेच्या ‘३०० सीई’ या नावातला ‘ई’ कशाचा होता, सांग ना काकांना.

श्रीधर: इंजेक्शनचा. पेट्रोल कार्ब्युरेटरनं नाही, इंजेक्शननं जातं, एवढंच सांगायला. ३०० म्हणजे तीन लिटर, सी म्हणजे कूपे. १९९३ मध्ये त्यांनी अक्षर पुढे आणलं, आकडा मागे नेला, आणि ई हा इंजेक्शनऐवजी वर्गाचा झाला. नावातून माहिती गेली, पायरी आली. बिघडायला सुरुवात तिथून.

रेवती: बिघडायला नाही, समजायला. इंजेक्शन सगळ्याच गाड्यांना आलं, मग त्या अक्षराचा उपयोग काय उरला?

याचं उत्तर श्रीधरकडे नव्हतं, आणि रेवतीचं म्हणणं खरंच बरोबर होतं. पण तो सीएलके वर घसरला, आणि तिथे त्यानं मला चकित केलं. मला वाटलं होतं, तो या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू असेल. १९९७ मध्ये आलेली सीएलके, सी २०८, पूर्णपणे सी-क्लासच्या तळावर. व्हीलबेस दोघींचा २६९०. चेहरा मात्र ई-क्लासचा, १९९५ मध्ये आलेल्या डब्ल्यू २१० चे चार गोल दिवे. आपल्याकडे याला सोंग म्हणतील.

श्रीधर: नाही, सीएलके प्रामाणिक होती. कारण तिनं ई असल्याचा दावाच केला नाही. सी, एल, के. के नावाचा वर्ग मर्सिडीजमध्ये आहे का? नाही. म्हणजे तिनं सांगितलं, मी कुणाच्याच ओळीत उभी नाही, मला मी म्हणून बघा. चेहरा उसना, पण सही स्वतःची. पुढची सीएलके २००२ मध्ये आली, तीही सी-क्लासच्या तळावर, २७१५. दोन पिढ्या नीट चाललं होतं. मग २००९ मध्ये तीच परंपरा, तेच ब्रेमेन, तोच सी-क्लासचा तळ, आणि नाव एकदम ई-क्लास कूपे. काय बदललं?

रेवती: बाजार बदलला. २००७ मध्ये ऑडीची ए५ आली. बीएमडब्ल्यूची तीन सिरीज कूपे होतीच. त्या गर्दीत सीएलके म्हणजे काय, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. ई-क्लास म्हटलं की मुंबईतल्या बँकरलाही कळतं आणि म्युनिकच्या डॉक्टरलाही. तुझी ती ‘स्वतःची सही’ वाचायला कुणाला वेळ होता?

श्रीधर: आणि तुझी समजायला सोपी नावं फिरवायलाही सोपी. सी १४० आठव. एस-क्लासमधून निघालेली ती प्रचंड कूपे. १९९२ मध्ये आली तेव्हा ६०० एसईसी. अक्षरं पुढे आली तेव्हा एस ६०० कूपे. १९९६ मध्ये सीएल ६००. गाडी तीच, नावं तीन! २०१४ मध्ये तिच्या नातीला परत एस-क्लास कूपे म्हणायला लागले. दुसरीकडे एसएलसी बघ. १९७१ मध्ये एसएल रोडस्टरचा तळ तब्बल ३६० मिलिमीटरनं लांबवून केलेली कूपे. २०१६ मध्ये तेच नाव एका छोट्या उघड्या रोडस्टरला चिकटवलं. एकाच अक्षरांच्या दोन गाड्या, एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही.

रेवती: त्या छोटीचं नाव तर तुझ्याच नियमात बसतं. शेवटचं अक्षर सी, म्हणजे सी-क्लासची आप्त. तेव्हा त्यांनी व्याकरणच ठरवलं होतं. शेवटचं अक्षर वर्ग सांगणार. जीएलसी, जीएलई, सीएलए, सगळ्यांना एकच नियम.

श्रीधर: व्याकरण म्हणालीस ते लक्षात ठेव. नंतर लागणार आहे.

मध्येच मी सीएलसी चा विषय काढला, कारण ती माझी लाडकी विसंगती आहे. २००८ मध्ये मर्सिडीजनं सीएलसी नावाची छोटी कूपे आणली. नाव सांगतं, मी सी-क्लासची. खरंच होती, पण मागच्या पिढीच्या. नवी सी-क्लास २००७ मध्येच आली होती. ही जुन्या डब्ल्यू २०३ च्या स्पोर्टकूपेवर नवा मुखवटा चढवून, ब्राझीलमधल्या जुइझ दे फोरा इथल्या कारखान्यात बनवलेली. अक्षर खरं, साल खोटं. श्रीधरला ही गाडी कुठल्या रकान्यात टाकावी ते कळेना, रेवतीला ती आवडत नाही. आम्ही तिला सोडून पुढे गेलो. सीएलके जीटीआरला तर हातच लावला नाही: १९९७ च्या शर्यतींसाठी केलेलं ते यंत्र, बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, सांगाडा कार्बन फायबरचा. सीएलकेशी नातं म्हणजे समोरची जाळी, दिवे आणि ती तीन अक्षरं.

रेवती: आता माझी पाळी. बीएमडब्ल्यूची सहा सिरीज, ई २४, १९७६. ती कशावर होती?

श्रीधर: पाच सिरीजच्या तळावर. ई १२.

रेवती: आणि १९८२ नंतर?

श्रीधर: ई २८ च्या. पुढची पाच सिरीज.

रेवती: म्हणजे वरचा पत्रा तोच, पॉल ब्राकनं काढलेला तो शार्कसारखा चेहरा तोच, मागचं ६३५ सीएसआय हे नाव तेच, आणि खालची गाडी बदलली. १९८१ ची आणि १९८३ ची शेजारी उभी केली तर नावावरून काही कळत नाही. इथे तू आरडाओरडा का करत नाहीस? हाडं बदलली तरी नाव तसंच! तुझ्या हिशेबानं सात सिरीज म्हणायला हवी होती का?

श्रीधर: (हसून) सहाची आई पाच, आधीही पाच, नंतरही पाच. घर बदललं नाही. आणि सहा या आकड्यानं कधी म्हटलं नाही की मी सातची आहे.

रेवती: बरं, मग २०१८. आधीची सहा सिरीज कूपे, एफ १३, गेली आणि तिच्या जागी आठ सिरीज आली, जी १५. आकडा दोननं वाढला. गाडी?

श्रीधर: आखूड झाली! एफ १३ ची लांबी ४८९४ मिलिमीटर, जी १५ ची ४८४३. व्हीलबेसही २८५५ चा २८२२. हे तर मीच सांगणार होतो. नव्वदच्या दशकातली पहिली आठ, ई ३१, तिला स्वतःचा तळ दिला होता. ती खरी आठ. ही दुसरी आठ म्हणजे सहालाच बढती.

रेवती: बढतीत वाईट काय आहे? आठ म्हटल्यावर लोकांना ई ३१ आठवते, मिटून उघडणारे दिवे आठवतात, बारा सिलिंडर आठवतात. ती आठवण कंपनीच्या मालकीची आहे. ती वापरली नाही तर आमच्या धंद्यात मूर्खपणा म्हणतात.

श्रीधर: आणि आठवण आड येते तेव्हा? २०११ मध्ये एक सिरीजची मस्त छोटी कूपे काढली, एम विभागानं. रिवाजाप्रमाणे नाव काय हवं? तीनची एम३, पाचची एम५, तर एकची एम१. ठेवता येईना. कारण १९७८ ची एम१ आधीच होती, जुजारोनं रेखलेली, इंजिन मध्ये असलेली. मग नाव काय ठेवलं? ‘एक सिरीज एम कूपे’. अक्षरं उलटसुलट करून सुटका.

रेवती: हे तर माझ्या बाजूचं उदाहरण झालं. नावाला इतिहास असतो, म्हणून त्यांनी नाव वापरलं नाही. तळाचा इतिहास कुणी जपला असता? त्या एकच्या तळाला कोण ओळखतं?

हे बोलणं मला रेवतीच्या बाजूनं सगळ्यात वजनदार वाटलं. श्रीधरही गप्प होता. पण तो हरल्यासारखा दिसत नव्हता, आणि पुढच्या मिनिटात कळलं, का. त्यानं दोन सिरीज काढली.

श्रीधर: आता घरचं उदाहरण. पुण्यात दोन सिरीज ग्रान कूपे दिसतात ना? २०२० पासून आपल्याकडे मिळते, चेन्नईच्या कारखान्यात जुळते. चार दारं, आणि पुढची चाकं गाडी ओढतात. ती पुढच्या चाकांच्या एक सिरीजवर, मिनीच्या नात्यातली. आता २०२१ ची दोन सिरीज कूपे घे, जी ४२. दोन दारं, इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना, तळ तीन सिरीजच्या घरचा. या दोन गाड्यांमध्ये तळाच्या हिशेबानं काही म्हणजे काही समान नाही. एकाच आकड्याखाली विकतात. कूपे आणि ग्रान कूपे. ऐकणाऱ्याला वाटेल, ग्रान म्हणजे तीच, जरा मोठी.

रेवती: इथे मी तुझ्या बाजूनं आहे.

श्रीधर: काय म्हणालीस?

रेवती: म्हटलं ना, इथे बरोबर आहेस. कारण इथे फरक चालवणाऱ्याला जाणवतो. वळणावर मागची चाकं ढकलतात की पुढची ओढतात, हे माझ्यासारखीलाही पाच मिनिटांत कळतं. ज्याची चव वेगळी त्याचं नाव वेगळं हवं. पण मग ही तुझी तळाची कसोटी नाही, माझी कसोटी आहे. जाणवतं का? सी आणि ई चं जे होतं त्यात जाणवत नव्हतं.

कसोटी हळूच बदलली होती, आणि बदलणारी तीच होती. मघाशी ती म्हणत होती, दिसतं ते खरं. आता जाणवतं ते खरं, म्हणू लागली. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘काका, तुम्ही दोघं एका बाजूला झालात तर मी उठून जाईन.’’

पोर्शे कूपे आहे, पण या वर्गांच्या शिडीच्या बाहेरची, आणि म्हणूनच तिच्याकडे वळल्यावर दोघांचीही पंचाईत झाली. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दाखवली तेव्हा ती ९०१ होती. मध्ये शून्य असलेली तीन आकडी नावं आमची, असं प्युजोनं म्हटलं आणि ९११ झाली. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९९७ च्या ९९६ मध्ये हवेनं थंड होणारं इंजिन गेलं, पाण्याचं आलं, आणि गाडीचा पुढचा भाग स्वस्त बॉक्स्टरशी वाटून घेतला. इतकं बदललं, तरी नाव ९११.

रेवती: बघा. बॉक्स्टरचं नाक लावलं तरी ९११. कुणी खटला भरला का?

श्रीधर: इंजिन कुठे आहे? मागच्या आसाच्याही मागे. १९६३ मध्येही तिथेच, ९९६ मध्येही, आजही. ते हललं नाही. नाकाला कोण विचारतो? उलट ९२४ घे. फोक्सवॅगन-ऑडीसाठी पोर्शेनं आखलेली गाडी, फोक्सवॅगननं हात काढून घेतल्यावर पोर्शेच्या नावानं निघाली. बनायची ऑडीच्या नेकार्सउल्मच्या कारखान्यात, इंजिन ऑडीच्या घरातलं. पाठीवर पोर्शे. तिला बिचारीला शेवटपर्यंत कुणी पोर्शे मानलं नाही.

रेवती: कारण तिचं इंजिन पुढे होतं?

श्रीधर: कारण ती दुसऱ्यासाठी जन्मली होती, आणि लोकांना ते माहीत होतं.

रेवती: म्हणजे लोकांना माहीत नसतं, तर मानली असती. तेच तर मी सांगतेय.

मग ऑडी. ए५ नं श्रीधरला जेवढं अडचणीत आणलं तेवढं रेवतीला कधी जमलं नव्हतं. ही कूपे २००७ च्या मार्चमध्ये जिनिव्हात आली, वाल्टर दे सिल्वाच्या हातची. एमएलबी नावाच्या नव्या तळावरची ती पहिली गाडी. पुढची चाकं पूर्वीपेक्षा पुढे सरकवल्यामुळे समोरचा जडपणा गेला होता. आणि याच तळावरची ए४ सेडान? ती सप्टेंबरमध्ये, फ्रँकफर्टला.

रेवती: मग सांग, ए५ ही ए४ ची कूपे, की ए४ ही ए५ ची सेडान?

श्रीधर: आखताना ए४ मनात धरूनच आखली असणार. खप तिचा.

रेवती: ‘असणार’. मिलिमीटर संपले का?

श्रीधर: (थोडं थांबून) कारखान्यात पहिला जिग ज्याचा, तो तळ त्याचा, असं आम्ही म्हणायचो. त्या हिशेबानं... ए४ ही ए५ ची.

आणि त्या पाचनं पुढे चारला खाल्लंच. ऑडीनं ठरवलं, सम आकडे विजेवरच्या गाड्यांना, विषम आकडे इंधनावरच्या. म्हणून २०२४ मध्ये नवी ए४ आली ती ए५ म्हणून, सेडान आणि एस्टेट अशा दोन रूपांत. दोन दारांची मूळ ए५ कूपे, जिच्यासाठी तो आकडा काढला होता, बंद. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जी ए४ जुळायची, तिच्या वारसदाराच्या पाठीवर आता कूपेचं नाव आहे. त्यातही २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीनं सम-विषमचा नियमच मागे घेतला, आणि ए७ होऊ घातलेली गाडी ए६ च राहिली. या प्रकरणात रेवतीनं कपाळावर हात मारला. नाव देणाऱ्यांचा धंदा असा वागला तर तिची बाजू मांडायला जागा राहत नाही.

मला मात्र वाटतं, श्रीधरचं घर त्याआधीच पोखरलं गेलं होतं, आणि ते त्याच्याच लोकांनी. त्याच्या जिगच्या काळात तळ म्हणजे एक ठरलेली वस्तू होती. तो कापायचा तर साचा कापायला लागायचा. आता तळ हा भागांचा संच झाला आहे. मर्सिडीजचा एमआरए घ्या: २०१४ ची सी-क्लास त्यावर, २०१६ ची ई-क्लासही त्यावर. जिथे सगळ्यात महागडं काम असतं ते ठरलेलं. मधला भाग लागेल तसा ताणायचा. त्या संचातून आलेली ई-क्लास कूपे, सी २३८, तिचा व्हीलबेस २८७३. सी कूपेचा २८४०, ई सेडानचा २९३९. म्हणजे ती सीची नाही आणि ईचीही नाही. अशा गाडीची आई कोण, हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ आहे का? मी श्रीधरला विचारलं.

श्रीधर: अर्थ आहे. आई एक नसेल, पण जिथे कापलं नाही तिथे कळतं. कुठला भाग कुठल्या कारखान्यातून येतो, मागचं सस्पेन्शन कुणाचं, पुढची रुंदी कुणाची. आकडे बोलतात. फक्त एका आकड्यात बोलत नाहीत, हे कबूल.

रेवती: मग मी शोरूममध्ये गिऱ्हाइकाला मागचं सस्पेन्शन कुणाचं ते सांगू?

श्रीधर: सांगू नकोस. पण खोटंही सांगू नकोस. आणि आता ते व्याकरण काढ.

रेवती: कुठलं?

श्रीधर: शेवटचं अक्षर वर्ग सांगणार, ते. २०२३ ची सीएलई. सी कूपे आणि ई कूपे, दोन्ही बंद करून एकच आणली. शेवटचं अक्षर ई. आता व्हीलबेस?

रेवती: २८६५.

श्रीधर: आणि आजच्या सी-क्लासचा, डब्ल्यू २०६ चा?

रेवती: २८६५.

श्रीधर: बनते कुठे?

रेवती: ब्रेमेनला. मामा, पुरे. हे २००९ चंच भांडण झालं. आणि खरं सांगू? मला सीएलईबद्दल तुझ्यापेक्षा जास्त राग आहे. तुझा व्हीलबेस मला कधी दिसला नाही, पण खांब दिसतो. दोन दारांमागे मोकळी जागा असायची, ती या गाडीत बंद केली. काचा खाली केल्या तरी मध्ये बी-पिलर उभा. ई कूपे आणि सी कूपे यांत माझ्या डोळ्यांना दिसणारा जो मुख्य फरक होता, त्यात त्यांनी सीची बाजू घेतली, आणि नाव ठेवलं ईचं.

श्रीधर: म्हणजे तुझ्या कसोटीवरही नापास.

रेवती: माझ्या कसोटीवर जास्तच नापास. तुझ्या कसोटीला कंपनीनं कधी होकारच दिला नव्हता. माझ्या कसोटीवर ती स्वतः गिऱ्हाइकं बोलावत होती.

मी विचारलं, मग विकणारा जुन्या ई कूपेच्या मालकाला काय सांगत असेल? तो तर त्या मोकळ्या खिडकीसाठीच आलेला असणार.

रेवती: सांगेल की साहेब, ही आधीच्या ई कूपेपेक्षाही लांब आहे. ती ४८२६ होती, ही ४८५० आहे. वर चढलात.

श्रीधर: चोवीस मिलिमीटर? तेवढे तर बंपरमध्ये निघतात.

रेवती: बंपरमध्येच काढले असतील. पण विचारलंस कुणाला? त्यानं सही करून टाकली.